सहावी वस्ती

सोमवार, ८ मे

सकाळची फेरी झाली. म्हाताऱ्या म्बाह क्रोमोला विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाला, गुडघा बरा आहे, त्याच्या वरचा माणूस बिघडलाय. बू पार्तिलाहची दाढ ठणकायची थांबली, आता जीभ पुन्हा मोकळी. पाक विनार्नोच्या आईची झोप गेलीय. रात्रभर अंगणातल्या कोंबड्यांशी भांडते. वळणावरच्या तुक्रीचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, पण हसते. यु दर्मीला मी नेहमी शेवटी विचारते — थोरली बहीण, शिवाय तिच्याकडे चहा मिळतो. तिचं उत्तर ठरलेलं. "मेले असते तर तुलाच आधी कळलं असतं, येम."

सगळ्यांना सांगितलं की आज डॉक्टरीण येणार. आली ती एवढीशी पोर! वेनिंग नाव. फटफटीवरून चढ चढून आली, मागे खोकी बांधलेली. तिला मागची खोली दिली, जिथे मी सोयाबीनचं टेम्पे मुरायला ठेवायची. अजून थोडा वास आहे. "वास चांगलाय, म्बाह," म्हणाली. खोटं, पण गोड.

तिचं प्रकरण मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. डॉक्टरकीची पुस्तकं वाचून झाली. मग वॉर्डातली शिकाऊ वर्षं असतात, त्यातलं एक झालं. आणि आता मध्येच थांबून ती संशोधनाची वेगळी पदवी करतेय. बरोबरीची मुलं वॉर्डात पुढे जाणार, आणि ही वर्षभर मेनोरेह डोंगराच्या या उतारावर म्हाताऱ्यांचा बीपी मोजणार. शनिवारी तेवढं खाली जोग्जा शहरात जाऊन वॉर्डात उभं राहायचं, हात विसरू नये म्हणून. वर्षात काम उभं राहिलं तर पदवी. नाही राहिलं तर वर्ष पाण्यात आणि परत वॉर्डात, सगळ्यांच्या मागून.

बू पार्तिलाह म्हणाली, नापास झाली असेल. हुशार पोर कधी आपला चढ चढून आलेली पाहिलीस? मी म्हटलं, पहिली आलीय. "मग काहीतरी प्रेमाचं असेल," म्हणाली.

गुरुवार, ११ मे

चावडीवर चिठ्ठ्या निघाल्या.

वेनिंगने छान समजावलं. म्हातारपणी मीठ जास्त झालं की बीपी चढतो. एक नवीन मीठ निघालंय, खारट लागतं पण त्यातला वाईट भाग कमी केलाय. त्याचा आपल्यासारख्यांना खरंच गुण येतो का, हे बघायचं. म्हणून अर्ध्या घरांना निळी पुडी, अर्ध्यांना पिवळी. एकीत नवं मीठ, दुसरीत रोजचंच. कशात काय ते तिलाही माहीत नाही. ते तिच्या मॅडमच्या कपाटात बंद. शेवटी निळी घरं आणि पिवळी घरं ताडून बघायची.

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेलं माणूस बोलत असताना मान न डोलावणं म्हणजे पाहुण्याला बसायला चटई न देण्यासारखं. म्बाह क्रोमोला ऐकू येत नाही, त्याने सर्वांत जास्त डोलावली.

मग तिने कागद वाचला. माझं घर मोजणीत नाही, ती माझ्याकडे जेवते म्हणून. पुढे वाचलं — "मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्ती वगळण्यात आल्या आहेत." आणि यु दर्मीकडे बघून हसली. यु दर्मीनेही मान डोलावली. किडनीची तक्रार अख्ख्या वस्तीत तिचीच.

आम्ही दोघी घरी निघालो. दारात पोचल्यावर यु दर्मी म्हणाली, "म्हणजे माझ्यावर आता मीठही वाया घालवायचं नाही."

शनिवार, २० मे

वस्तीने निकाल लावून टाकला — खरं औषध निळ्या पुडीत! सरकारी गोळ्यांचं पाकीटही निळंच असतं, हा पुरावा. शिवाय किंचित कडवट लागतं म्हणे, आणि कडू ते गुणाचं.

बू पार्तिलाहच्या वाट्याला पिवळी. तोंड असं की सांबलच्या चटणीत मिरच्याच विसरल्यात. म्बाह क्रोमोला निळी. बिचारा खाली मान घालून फिरतो, जशी काही लॉटरी लागली आणि शेजाऱ्याचं तिकीट चोरलं.

मी वेनिंगला यातलं काही बोलले नाही. तिने विचारलं नाही.

रविवार, ४ जून

भिशी बू पार्तिलाहकडे होती. तुक्रीला मुलगी झाली, म्हणून गोड भातही.

म्बाह क्रोमोच्या सुनेने पदराखालून निळी पुडी काढून मध्ये ठेवली. सासऱ्याला घास उतरत नाही, म्हणाली. आपल्या चुलीवर औषध आणि शेजारच्या चुलीवर साधं मीठ, हे कसं व्हायचं? बाकीच्या निळ्यावाल्याही उठल्या आणि घरी जाऊन आपापल्या पुड्या घेऊन आल्या. मग पिवळ्यावाल्यांनाही लाज वाटली, फुकट कसं घ्यायचं! त्यांनी आपल्या आणल्या. बू पार्तिलाहने मोठी परात काढली. सगळं एकत्र ओतलं, हाताने कालवलं, आणि मी करवंटीने वाटून दिलं. सगळ्यांना सारखं. मोजणीतल्यांना आणि मोजणीबाहेरच्यांनाही. मलासुद्धा. यु दर्मी तेवढी त्या दिवशी आली नव्हती.

परात धुताना पार्तिलाह म्हणाली, आता कसं मोकळं वाटतं. खरंच वाटलं.

वेनिंगला सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही. लपवलं असंही नाही. झऱ्याचं पाणी वाटून घेतलं तर कोण कुणाला सांगत बसतं?

मंगळवार, ६ जून

माझ्या वाट्याचं मीठ यु दर्मीला नेऊन दिलं. "मग मीही मोजणीत," म्हणाली. चहाबरोबर नारळाचा गूळ पुढे आला, जो ती फक्त मुलगा बेकासीहून आला की काढते.

शुक्रवार, ३० जून

काल बकरी ईद. मटणाचे वाटे घरोघर गेले. वेनिंगचा वाटा तिने यु दर्मीला देऊ केला. यु दर्मी म्हणाली, दे मीठ लावून. दोघी हसल्या. कशाला ते मला दोघींचं वेगवेगळं ठाऊक.

शनिवार, ८ जुलै

मोजणी. वेनिंगने वॉर्डातून सुटी घेतली.

सगळ्यांचा बीपी थोडाथोडा उतरलाय. निळ्यांचाही, पिवळ्यांचाही. लोक चावडीवरून लग्नातून निघाल्यासारखे निघाले. वेनिंग मात्र कागद पुढे घेऊन बसली. म्हणाली, "दोन्ही रंग सारखेच उतरलेत, म्बाह."

"मग चांगलंच की."

तिने माझ्याकडे पाहिलं. सांडलेलं दूध आधी पुसू की आधी मांजर हाकलू, असं तोंड.

यु दर्मी बोलावणं नसताना रांगेत उभी राहिली, ठेवणीतली कबाया घालून. वेनिंगने तिचाही बीपी मोजला, कागदावर मात्र उतरवला नाही. परत येताना यु दर्मी वाटेत दोनदा बसली. पाय जड झालेत म्हणते. मी म्हटलं, कबाया जड आहे.

सोमवार, १७ जुलै

यु दर्मीला विचारलं, कशी आहेस? नेहमीचं उत्तर आलं नाही. "मुंग्या येतात गं," म्हणाली.

बुधवार, १९ जुलै

हे नीट लिहायला हवं.

सकाळी वेनिंग भाताशी खेळत बसली होती. दोन रंगांत फरक निघत नाही. मॅडमनी विचारलंय, चिठ्ठ्या चुकल्या का, पुड्या चुकल्या का, तू चुकलीस का. फरक निघाला नाही तरी पदवी मिळते, पण फरक *का* निघाला नाही ते सांगता आलं पाहिजे. ते तिला सांगता येत नव्हतं. मला तिची कणव आली. टेम्पेचा अजून एक तुकडा वाढला आणि म्हटलं, "तू कशाला जीव जाळतेस, न्दुक, पोरी? कुणावर अन्याय झालेला नाही. आम्ही सगळं मीठ पहिल्याच महिन्यात एकत्र करून सारखं वाटून घेतलं."

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

तिने हातातला घास खाली ठेवला. रागावली नाही. हसलीसुद्धा थोडी, तोंड हाताने झाकून. किती भोळे आहात, म्हणाली. आणि मग हसू जिथल्या तिथे राहिलं.

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, म्बाह?"

"सगळ्यांना. माझं यु दर्मीला दिलं. ती बिचारी बाहेर राहिली होती ना —"

ती पाणीही न पिता उठली. मी मागून गेले तोवर ती यु दर्मीच्या दारात पोचली होती. यु दर्मी चुलीपाशी बसलेली, उठता येईना. वेनिंगने मनगट धरलं, डोळे मिटून मोजलं, मग पाक विनार्नोला हाक मारली. त्याची भाजीची गाडी निघायचीच होती. कोबीच्या पोत्यांवर गादी टाकून यु दर्मीला नेलं. वेनिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

जाताना मला एवढंच सांगितलं — नव्या मिठात जे घातलेलं असतं ते चांगली किडनी बाहेर टाकते. बिघडलेली टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदय चुकायला लागतं. म्हणून वगळलं होतं.

"मी कागद वाचला, म्बाह. सांगितलं नाही."

मी मान डोलावली. सवयच तशी.

गुरुवार, २० जुलै

दवाखान्यात यु दर्मीच्या छातीवर तारा लावून रेघ काढतात. आता नीट येते म्हणे.

सोमवार, २४ जुलै

यु दर्मी घरी आली. पहिलं वाक्य — "मीठ कडवट होतं, पण मलाही मोजणीत धरलं होतं ना." मी तिला दटावलं. डबीतलं उरलेलं मीठ कोंबड्यांना लागू नये म्हणून खड्डा करून पुरलं.

संध्याकाळी वेनिंगच्या मॅडम आल्या, डॉक्टर एंदांग. माझ्याच वयाच्या असतील, केस काळे केलेले. ओसरीवर बसल्या. मी चहा ठेवला आणि आत तांदूळ निवडत राहिले. ओसरी आणि चूल यांत एक बांबूची भिंत, ऐकू यायचं ते येतंच.

वेनिंगने बुधवारीच सगळं कळवलं होतं. कॉलेजच्या समितीने काम थांबवलंय. पुड्या परत न्यायच्या. मॅडमचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, तुझ्या कागदांत खोट नाही, चिठ्ठ्यांत नाही. "तू घरं मोजलीस. चुली कुठून कुठे पोचतात ते बघितलं नाहीस." वेनिंगने विचारलं, आता? मॅडम म्हणाल्या, आता वॉर्डात परत जा, पदवीचा नाद सोड. नाहीतर नव्याने काहीतरी सुचव, पण ते मला पटलं पाहिजे.

निघताना मॅडमनी माझ्या टेम्पेची तारीफ केली. शिकलेल्या लोकांना वाईट बातमीनंतर तारीफ करायची सवय असते.

बुधवार, २६ जुलै

वस्तीत कुणी माफी मागितली नाही. आमच्याकडे तोंडाने मागत नाहीत. पण वेनिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. केळीचा शिरा, लोदेहची आमटी, तळलेले मासे, म्बाह क्रोमोकडून अख्खी कोंबडी. प्रत्येकीने दारात उभं राहून तेच सांगितलं — "अळणी आहे हं."

बू पार्तिलाह सर्वांत शेवटी आली. भांडं ठेवलं, उभी राहिली. मग अदबीने म्हणाली, "म्बाक वेनिंग, परात माझी होती."

वेनिंग म्हणाली, "परात मोठी होती, बू. नुसती आकाराने नाही, मनाने मोठी."

पार्तिलाह रडत गेली. दाढ दुखतेय असं वाटेत भेटणाऱ्यांना सांगितलं.

गुरुवार, १७ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिन. झेंडा, पोत्यातली शर्यत. यु दर्मी खुर्चीत बसून परीक्षक. स्वतःच्या भाच्याला बाद केलं.

रविवार, १० सप्टेंबर

वेनिंग शनिवारचा वॉर्ड करून आली आणि ओल्या केसांनीच चुलीपाशी बसली. सुचलं म्हणाली.

घराघराला वेगळं मीठ देऊन चालणार नाही. इथे घर असं काही नाहीच. एका चुलीवरचं संध्याकाळपर्यंत चार चुलींना पोचतं. मग अख्खी वस्ती हेच एक घर धरायचं. सहा वस्त्या घ्यायच्या. चिठ्ठ्या टाकून तीन वस्त्यांना नवं मीठ, तीन वस्त्यांना साधं. वस्तीच्या आत कुणी कुणाला काय दिलं, खुशाल द्या. आणि या वेळी कागद वाचायचा नाही, प्रत्येक ओसरीवर बसून बोलायचं.

मॅडमना पटलं. कॉलेजने मुदत दिली, पुढच्या रमजानचे उपवास सुरू होईपर्यंत. तोवर सहा वस्त्या ठरल्या तर ईदनंतर मीठ वाटायचं आणि पदवी शाबूत. न ठरल्या तर थेट वॉर्डात.

"पाचांनी नाही भागणार?"

"मॅडम म्हणाल्या, सहा म्हणजे सहाच. तेही कमीच आहेत."

मी म्हटलं, एक तर घरचीच आहे, राहिल्या पाच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही वस्ती नाही, म्बाह. म्बाह दर्मी इथे राहतात."

भात करपला.

शनिवार, ७ ऑक्टोबर

चावडीवर सभा. पाक विनार्नोनेच बोलावली. आपल्यामुळे पोरीचं वर्ष बुडालं आणि ती आपलीच वस्ती घेत नाही म्हणते, हे त्याला लागलं होतं. मुकादम आहे, त्याला वस्तीची इज्जत लवकर लागते.

त्याचं म्हणणं सरळ होतं. यु दर्मीच्या घरी साधं मीठ ठेवू. तिचं ती रांधेल. फक्त आपल्यापैकी कुणी तिच्याकडे काही पाठवायचं नाही. ना भाजी, ना दुआच्या जेवणाचं पान, ना ईदचा डबा. तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेनिंग मागे बसली होती. उठून म्हणाली, या वेळी माना नकोत. ज्याला हे खरंच जमेल त्याने हात वर करा.

एकही हात वर आला नाही. पाक विनार्नोचाही नाही. त्याच्या आईने विचारलं, म्हणजे दारावरून वाफाळतं पातेलं घेऊन जायचं आणि दर्मीला हाक मारायची नाही? म्बाह क्रोमोला उशिरा ऐकू गेलं. तो म्हणाला, दर्मीला वाळीत टाकायचं असेल तर मलाही टाका, मला भाजी तिच्याकडूनच येते.

यु दर्मी पहिल्या ओळीत बसली होती. सगळा वेळ समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत होती.

वेनिंग हसली. मी पहिल्यांदाच तिला तसं हसताना पाहिलं, काहीतरी हरवून हलकं झाल्यासारखं. पाक विनार्नोला म्हणाली, बघा, म्हणूनच ही वस्ती नाही. जोवर म्बाह दर्मी आहेत तोवर ही चिठ्ठीत पडणार नाही. मी दुसरी शोधते.

रविवार, १५ ऑक्टोबर

यु दर्मीने पेटी भरली. बेकासीला मुलाकडे जाते म्हणाली. "एका म्हातारीपायी पोरीची पदवी अडलीय. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, किडनीला बरंच."

मी पेटी उघडून एकेक कपडा परत दोरीवर टाकला. ती बघत राहिली. शेवटची कबाया टाकताना म्हणाली, ती नीट टाक, चुण्या पडतात.

वेनिंगला हे सांगितलं नाही. तिने दोरीवरचे कपडे पाहिले आणि तिला कळलं. संध्याकाळी यु दर्मीच्या ओसरीवर बसून आली. काय बोलल्या विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी यु दर्मीने तिच्यासाठी गूळ काढला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

तीन वस्त्या ठरल्या. वेनिंगची फटफटी दोनदा चिखलात पडली. ढोपर खरचटलंय. डॉक्टर असून औषध मला लावायला सांगते.

शुक्रवार, २२ डिसेंबर

तिच्याबरोबरच्या मुलाचा फोन आला होता. वॉर्डातली शेवटची परीक्षा जवळ आलीय त्यांची. ती बराच वेळ ओसरीवर बोलत होती, हसत होती. फोन ठेवल्यावर केरसुणी घेऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं.

गुरुवार, ११ जानेवारी

पाच झाल्या. सहावी अडते. टेकडीपलीकडच्या वस्तीने हो म्हटलं होतं, पण तिथे दोघं किडनीवाले निघाले, वेनिंगनेच नाव कापलं. तिच्या खालची वस्ती म्हणते, तुमच्या त्या म्हातारीचं काय झालं ते ऐकलंय. बातमी वाऱ्याआधी उतरते. सगळ्यांत वरची रस्त्याच्या भांडणात दोन तुकडे झालीय, एकाने हो म्हटलं की दुसरा नाही म्हणतो.

यु दर्मीला दवाखान्यात दाखवून आणलं. यंत्रावर रक्त धुवायला सुरुवात करा म्हणतात. ती म्हणाली, आठवड्यातून दोनदा डोंगर उतरून रक्त धुऊन आणायचं, त्यापेक्षा मी कपडे धुते. वेनिंगने पुष्कळ समजावलं. कागद न वाचता, हात धरून, अगदी सोप्या शब्दांत. यु दर्मीने सगळं ऐकलं, एक-दोन शंकाही विचारल्या. मग म्हणाली, "कळलं. नको."

परत येताना वेनिंग म्हणाली, आता त्यांना खरंच कळलंय, म्हणून मला पुढे बोलता येत नाही.

शनिवार, ३ फेब्रुवारी

अजून पाचच.

रविवार, १८ फेब्रुवारी

वेनिंग गेली. वॉर्डाने बोलावलं. उपवास सुरू व्हायला काही दिवस आहेत, पण तिचं म्हणणं, आता शोधण्यासारखी वस्ती राहिली नाही. मॅडमना तसं अजून कळवलेलं नाही. शेवटच्या दिवशी कळवीन म्हणाली. शेवटचा दिवस येईपर्यंत आशेला भाडं पडत नाही.

खोकी फटफटीला बांधली. खोली झाडून ठेवली होती. टेम्पेचा वास आता गेलाय, म्हणाली. हे खरं होतं.

अख्खी वस्ती वळणापर्यंत आली. बू पार्तिलाहने शिदोरी दिली — या वेळी मीठ घातलंय, म्हणाली. म्बाह क्रोमोने मान डोलावली. यु दर्मीला चढ उतरवत नाही म्हणून वेनिंग तिच्या दारात जाऊन वाकली, तिचा हात कपाळाला लावला. यु दर्मीने विचारलं, "माझ्यामुळे गं?"

"नाही, म्बाह. माझ्यामुळे. मी आधी घरं मोजली."

"मग पुढच्या खेपेला नीट मोज." आणि पाठीवर एक धपाटा.

फटफटी दिसेनाशी झाल्यावर माणसं उगाच थांबून राहिली. मग एकेक करून पांगली. मी सकाळची फेरी संध्याकाळी केली. गुडघा तसाच, झोप तशीच, तुक्रीच्या पोरीला दात. यु दर्मीला शेवटी विचारलं. "मेले असते तर —" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. उठायला वेळ लागला.

शुक्रवार, १ मार्च

यु दर्मी मंगळवारी पहाटे गेली. त्या मिठाचं काही नाही, किडनीचंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

काल तिसऱ्या दिवसाचं जेवण. सगळ्या बायका माझ्या चुलीशी. बू पार्तिलाहने मिठाची बरणी उचलली, सवयीने पलीकडे यु दर्मीच्या दाराकडे पाहिलं, आणि मग घातलं. पानं घरोघर गेली. एक जास्तीचं वाढलं गेलं होतं, ते तसंच राहिलं. जेवणं झाल्यावर पाक विनार्नोने मला बाजूला घेऊन विचारलं, उपवासाला किती दिवस राहिलेत?

आज वेनिंगला फोनवर लिहून पाठवलं. इथेही उतरवून ठेवते.

न्दुक, आपल्या वस्तीला आता कुठलंही मीठ चालेल. चिठ्ठीत नाव घाल. लवकर लिही.